काच आपल्याला ओळखते का?

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या पुण्यातल्या नव्या घराची वास्तुशांत होती. नारायणगावहून आम्ही सगळे पहाटेच निघालो. पूजा झाली, पंगती उठल्या आणि मग प्रत्येक वास्तुशांतीला होतो तसा घर दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ही बाल्कनी, हे देवघर, हे मुलांचं कपाट. आम्ही बायका 'छान हं, छान हं' करत मागून चाललो होतो. स्वयंपाकघरात आलो मात्र, आणि सगळ्यांचे पाय थबकले. फ्रिजच्या दारावर छोट्या टीव्हीएवढी काच! तिच्यावर तारीख दिसत होती, हवामान दिसत होतं, दार न उघडता आतल्या भाजी-दुधाचं चित्रही दिसत होतं. जाऊबाईंनी बोट टेकवलं की चित्र बदले, बोट सरकवलं की पान उलटे.

"आई, तुम्ही लावून बघा ना बोट," जाऊबाई हौसेने सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंनी पदराला हात पुसला आणि देवाला गंध लावावं तसं अलगद बोट टेकवलं. काच ढिम्म! पुन्हा टेकवलं, जरा दाबून. काहीच नाही. पन्नास वर्षं निंदणी-खुरपणी केलेलं ते बोट. सासूबाईंनी हात मागे घेतला आणि हसून म्हणाल्या, "अगं, ही काच मला ओळखत नाही वाटतं!"

सगळे हसले. मीही हसले. पण परतताना चाकणच्या कोंडीत गाडी तासभर अडकली, तेव्हा तेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात येत होतं. कारण मैत्रिणींनो, खरं सांगू? ती काच मला तरी कुठे ओळखत होती? मी बी. ए. झालेली, शाळेत तासिका घेणारी बाई. पण काही बिघडलं तर काय घ्या, म्हणून हात मागे बांधून उभी राहिले होते. सासूबाईंनी निदान बोट लावून तरी पाहिलं!

काचेशी आपलं जुनं नातं

तसं पाहिलं तर काच ही आपल्या घरात काही नवी पाहुणी नाही. सासूबाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पश्चिमेला डोंगराकडे. त्यांच्या लहानपणी तिथे वीज नव्हती. दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसणं हे घरातल्या मुलींचं काम. चुलीतली राख चाळून घ्यायची, मऊ चिंधीने काच घासायची आणि उजेडाकडे धरून पाहायची. डाग राहिला तर आजीचा धपाटा ठरलेला. "काच फुटली तर अंधारात जेवायचं," असं त्या सांगतात. त्या काळी कराडजवळच्या ओगलेवाडीचे 'प्रभाकर' कंदील घरोघर असत.

आपल्या पुणे जिल्ह्याला तर काचेचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून स्वदेशी उद्योग उभे करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि त्या पैशा-पैशातून काच करण्याचं शिक्षण आपल्या मुलांना मिळू लागलं.

पुढे कंदील गेले, दिवे आले, टीव्ही आला. पण तोवर काच फक्त दाखवायची. आता ती विचारते, ऐकते, उत्तर देते. म्हणजे काच होती तीच आहे, नातं बदललं आहे. कंदिलाची काच आपण पुसत होतो आणि तिच्या उजेडात आपणच काम करत होतो. या नव्या काचेचं तसं होईल का, हा खरा प्रश्न आहे.

ती बोट ओळखते तरी कशी?

आता तुम्ही म्हणाल, एवढं यंत्रतंत्र आपल्याला कशाला? पण कुकरची शिट्टी का होते हे ठाऊक असलेली बाई कुकरला भीत नाही. तसंच हे.

बहुतेक फोनच्या काचेखाली एक अतिशय पातळ, आरपार दिसणारा थर असतो. इंडियम आणि कथील या धातूंपासून तो करतात. त्या थरातून अगदी नाममात्र वीज खेळत असते. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे आपलं बोटही वीज वाहून नेतं. बोट काचेजवळ आलं की त्या जागेवरच्या विजेच्या भारात किंचित फरक पडतो आणि यंत्राला कळतं, बोट इथे आहे. म्हणजे काच दाबावी लागतच नाही! सासूबाईंनी दाबून पाहिलं, त्याचा उपयोग नव्हता. त्यांच्या बोटाची कातडी कष्टाने निबर आणि कोरडी झाली आहे, म्हणून तो फरक काचेला जाणवण्याइतका पडला नाही. याउलट हात ओले असले की पाणीही वीज वाहून नेतं, आणि काचेला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळेनासं होतं. कणकेच्या हाताने फोन उचलायचा प्रयत्न केला आहे ना तुम्ही? मग अनुभव आहेच.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. ई. ए. जॉन्सन या इंग्लंडमधल्या संशोधकाने १९६५ साली बोटाने चालणाऱ्या पडद्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते होतं विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या लोकांसाठी. २००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन आला आणि मग हा पडदा घरोघर शिरला.

आणि एवढी पातळ काच पडली तरी पुष्कळदा फुटत कशी नाही? तिला उकळत्या क्षाराचं स्नान घालतात. तापून पातळ झालेल्या पोटॅशियमच्या क्षारात काच बुडवली की तिच्यातले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण बसतात. एसटीच्या बाकावरून तीन सडपातळ बाया उठाव्यात आणि तिथे तीन चांगल्या जाडजूड येऊन बसाव्यात, तसं! मग सगळ्या एकमेकींना अशा चेपून बसतात की मध्ये फट पडायला जागाच उरत नाही. काचेचा पृष्ठभाग असा आतून दाबलेला असला की चीर सहजासहजी पुढे सरकत नाही.

उद्याचं घर कसं असेल?

कॉर्निंग या अमेरिकेतल्या काच कंपनीने २०११ साली 'अ डे मेड ऑफ ग्लास' नावाची एक छोटी चित्रफीत काढली होती. काचेने घडवलेला एक दिवस. तिच्यात न्हाणीघरातला आरसा दात घासता घासता निरोप दाखवतो, स्वयंपाकघरातला ओटाच पडदा होतो, रस्त्यावरचा बस-थांबा नकाशा दाखवतो. पाहताना वाटतं, अलिबाबाच्या गुहेत आलो.

त्याला आता दीड दशक होत आलं. त्यातलं किती खरं झालं? पडद्याचा फ्रिज सॅमसंग कंपनीने २०१६ साली दाखवला, तो आता जाऊबाईंच्या घरी पोहोचला. पुण्याची मेट्रो २०२२ साली सुरू झाली, तिच्या स्थानकांवर काचेवर बोट ठेवून तिकीट काढता येतं. इंडक्शनची शेगडी तर आमच्या नारायणगाव-मंचरच्या कितीतरी घरांत आहे. तिचीही बटणं काचेखालीच. शाळांमधून फळ्याच्या जागी मोठे डिजिटल पडदे येत आहेत. आणि खिशातला फोन! शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून करायची, ती ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ पासून. टोमॅटोचा भाव असो की मुलांचा निकाल, सगळं काचेतूनच येतं. ओटा मात्र अजून ओटाच आहे, आणि बोलणाऱ्या आरशाशिवाय आपलं काही अडलेलं नाही.

मला वाटतं, सगळं काचेचं होणार नाही आणि होऊही नये. अंधारात उठून बाळाचं दूध गरम करायचं असलं तर गॅसचं बटण आपण न पाहता फिरवतो. हाताला त्याची ओळख असते. सपाट काचेवर हाताला काहीच लागत नाही, तिथे पाहावंच लागतं. हे फक्त आपल्या स्वयंपाकघरापुरतं नाही बरं! २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची एक युद्धनौका तेलवाहू जहाजाशी धडकली आणि १० नौसैनिक प्राणाला मुकले. चौकशीत जी कारणं निघाली, त्यात पडद्यावरच्या नियंत्रणांचा गोंधळही होता. त्यानंतर २०१९ साली त्या नौदलाने अशा नौकांवर पुन्हा हाताने सरकवायच्या दांड्या बसवायचं ठरवलं. युरोपात मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून नियम केला आहे, की भोंगा, वायपर अशा महत्त्वाच्या गोष्टींना हाताला लागणारं बटण असेल तरच पूर्ण गुण. तेव्हा दुकानदार 'ताई, आता सगळं टच आलंय' म्हणाला, तर दबून जायचं कारण नाही. जे काम न पाहता करावं लागतं, त्याला बटणच बरं.

पण बोट कुणाचं?

आता मुख्य गोष्टीकडे येते. काच कशी चालते हे कळलं, पण ती चालवतं कोण?

आमच्या आळीत भाजीची पाटी घेऊन एक मावशी येतात. एका योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात दरमहा येत होते. मध्यंतरी त्यासाठी पुन्हा माहिती भरायची होती. मावशी एका दुकानात गेल्या. तिथल्या मुलाने फोनवर भराभर बोटं चालवली. मधेच एकदा "होय ना?" म्हणाला. मावशी म्हणाल्या, "होय." कशाला होय म्हटलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यालाही विचारायला वेळ नव्हता. पैसे थांबले. थांबल्याचा निरोपही आला होता, पण तो गेला मुलाच्या फोनवर, कारण खात्याला नंबर त्याचा आणि तो कामाला पुण्यात. मावशींना वाटलं, सगळ्यांचेच बंद झाले असतील. चार महिन्यांनी बोलता बोलता त्या माझ्याजवळ म्हणाल्या, तेव्हा आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. एका प्रश्नाच्या उत्तरात 'होय' पडलं होतं, तिथे 'नाही' हवं होतं. एवढंच! ते दुरुस्त व्हायला तीन खेपा झाल्या आणि मधल्या महिन्यांचे पैसे काही मिळाले नाहीत. मावशींच्या घरात त्या पैशांवर नातीच्या वह्या आणि औषधं चालत होती.

मला मावशींची फार कीव आली. मग रात्री भांडी आवरताना मनात आलं, बाई गं, तुझं तरी काय वेगळं आहे?

माझं मानधन तासिकांवर मिळतं. फार नाही, पण माझ्या कष्टाचं. ते जमा होतं माझ्या नावाच्या खात्यात. त्या खात्याचं ॲप मात्र आमच्या ह्यांच्या फोनवर! कुणी मुद्दाम केलं नव्हतं. खातं उघडायच्या दिवशी माझ्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून ह्यांच्या फोनवर घेतलं, ते तसंच राहिलं. पैसे आले का, किती आले, हे मला विचारावं लागे. मुलाचंही तेच. मी फोनवर काही शोधू लागले की, "आई, दे इकडे, तुला नाही जमणार," म्हणून हातातून फोन घेई. दोन सेकंदांत काम करून देई. मीही खूश, वेळ वाचला म्हणून. अशी दोन-दोन सेकंदं करत मी सात-आठ वर्षं काहीच शिकले नाही.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "अहो, माझ्या खात्याचं ॲप मला माझ्या फोनवर हवंय."

हे चकित होऊन म्हणाले, "का गं? तुला काही कमी पडतंय का? मागितलंस की देतोच की."

"देता हो. पण मागावं लागतं ना!"

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. हे जरा दुखावले, ते मला दिसलं. माझा काही अविश्वास नव्हता, आणि तसं मी सांगितलंही. पण ज्या घरात बाई स्वतःच्या मिळकतीचा आकडा स्वतःच्या बोटाने पाहू शकत नाही, त्या घरात उद्या फ्रिज बोलायला लागला काय आणि आरसा बोलायला लागला काय, ती बाई हात मागे बांधूनच उभी राहणार. दुसऱ्या रविवारी ह्यांनीच शेजारी बसून ते ॲप माझ्या फोनवर बसवून दिलं. गुप्त आकडा टाकताना मात्र मी म्हटलं, "आता तिकडे बघा!" आणि दोघंही हसलो.

मुली घाबरत नाहीत, आपण का घाबरावं?

शाळेतली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे बोटाने चालणारा मोठा पडदा आला, तेव्हा महिनाभर आम्ही तो झाकूनच ठेवला. खराब होईल ना! शेवटी एक दिवस धीर करून सातवीच्या वर्गात सुरू केला, तर चित्र एका कोपऱ्यात अडकून बसलं. मला काही सुचेना. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून आली. डोंगराकडच्या वाडीतली, घरी साधा फोन. तिने दोन-तीन ठिकाणी बोट लावून पाहिलं आणि चित्र सरळ केलं. "तुला कसं गं आलं?" विचारलं, तर म्हणते, "मला नव्हतं येत बाई, मी करून बघितलं."

करून बघितलं! स्वयंपाक आपण सगळ्या असाच तर शिकलो.

याच मुलांचे २०२० च्या मार्चनंतर काय हाल झाले ते आपण पाहिलं. करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी मोहीम निघाली. ते शिक्षण येणार फोनवरून. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातल्या वाड्यांमध्ये घरात एक फोन, तोही बाप कामावर घेऊन जाणार, आणि रेंजसाठी मुलांनी टेकाडावर चढायचं. काच असून उपयोग नाही, ती हातात यावी लागते. याउलट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याची युक्ती रुजवली. फोन धरला की धडा बोलू लागतो. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तक आणि काच असे हातात हात घालून चालले तर बरं. स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशानेही २०२३ साली छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे बाजूला काढले, हे विसरू नये.

काच खोटंही दाखवते

आमच्या भागात आणखी एक अनुभव. सकाळी फोन उघडावा तर बिबट्याचं छायाचित्र! 'आत्ताच अमुक आळीत दिसला.' बिबट्यांचा वावर आमच्याकडे खरा आहे आणि भीतीही खरी आहे, उसाच्या कडेने मुलांना एकटं सोडवत नाही. पण कितीदा ते चित्र जुनं असतं, दुसऱ्याच गावचं असतं, आणि आता तर संगणकाने बनवलेलंही असतं. काचेत दिसलं म्हणजे खरं, असं समजू नका. ज्याने पाठवलं त्याला फोन करून विचारा, "तू स्वतः पाहिलास का?" नाही म्हणाला तर पुढे पाठवू नका. खऱ्या वेळी लोकांनी विश्वास ठेवायला हवा असेल, तर खोटं आपल्यापाशीच थांबलं पाहिजे.

एवढं जरूर करा

मी काही यातली तज्ज्ञ नाही. पण गेल्या वर्षभरात धडपडून जे शिकले, ते तुमच्यासाठी लिहिते.

१. तुमच्या खात्याला आणि आधारला तुमचाच मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, ते एकदा बँकेत जाऊन पाहा. मुलाचा, भावाचा असेल तर बदलून घ्या.

२. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेताना प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. "जरा थांब बाळा, काय लिहिलंय ते वाच," एवढं म्हणायला लाजू नका. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या.

३. फोनवर आलेला ओटीपी आणि गुप्त आकडा कुणालाही सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

४. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा आणि भाषा मराठी करा. लिहिणं जमत नसेल तर माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, फोन आपोआप लिहितो. घरातल्या वडीलधाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.

५. बोट ओळखलं जात नसेल तर हात धुऊन कोरडे करा. कातडी फार कोरडी असेल तर किंचित खोबरेल चोळून, पुसून मग बोट लावा. नखाने टोचू नका, बोटाचा गर टेकवा.

६. काच पुसताना आधी यंत्र बंद करा. मऊ सुती फडकं किंचित ओलं करून पिळून घ्या. पाणी किंवा फवारा थेट काचेवर मारू नका. राख, साबणाची पूड, तारेची घासणी तर मुळीच नको. कंदिलाचे दिवस गेले!

७. इंडक्शनच्या काचेवर भांडं ओढू नका, उचलून ठेवा. काचेला तडा गेला असेल तर लगेच बटण बंद करून प्लग काढा. तडा गेलेली शेगडी एक दिवसही वापरू नका, आत पाणी गेलं तर शॉक बसेल.

८. तान्ह्या बाळाला फोन दाखवून भरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे, की एक वर्षाच्या आतल्या मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. आपल्याही डोळ्यांना दर वीस मिनिटांनी थोडी विश्रांती हवी. खिडकीतून लांबच्या झाडाकडे बघा.

९. आणि शेवटचं. घरात कुणी "दे इकडे, तुला नाही जमणार," म्हटलं, तर फोन देऊ नका. म्हणा, "तू तोंडाने सांग, बोट मी लावते."

थोडा वेळ खोडदसारखा

नारायणगावपासून जवळच खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! विज्ञान दिनाला शाळेची मुलं घेऊन आम्ही तिथे जातो. तिथे आत शिरताना मोबाईल बंद ठेवावा लागतो, कारण फार दुरून आलेले आकाशातले अगदी क्षीण संदेश त्यांना ऐकायचे असतात आणि आपल्या फोनच्या लहरींच्या गलबल्यात ते बुडून जातात. मला ते फार पटलं. आमच्याकडे आता रात्रीचं जेवण 'खोडद' असतं. सगळे फोन शोकेसवर. पहिल्या आठवड्यात मुलगा फुरंगटला, आता वर्गातल्या गमती सांगू लागला आहे. त्याचेही संदेश क्षीणच असतात हो, शांत असल्याशिवाय ऐकू येत नाहीत.

आणि सासूबाईंचं काय झालं म्हणाल, तर त्यांना मी रोज दुपारी दहा मिनिटं शिकवत होते. आधी बोटाला खोबरेल, मग फडकं, मग फोन. बहिणीला व्हिडिओ कॉल करायचा एवढाच धडा. पंधरा दिवस गेले. हिरव्या खुणेऐवजी लाल खूण दाबली जाई, कधी भलत्यालाच फोन लागे. मी हात पुढे केला की म्हणत, "थांब, मला करू दे." परवा दुपारी मी वह्या तपासत बसले होते, तर माजघरातून आवाज आला, "अगं सखू, दिसते का गं मी?" पलीकडून त्यांची बहीण काहीतरी ओरडत होती. दोघी एकदमच बोलत होत्या.

बोलणं संपवून त्या बाहेर आल्या. फोन पदराने पुसून माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता जाऊया एकदा पुण्याला. त्या फ्रिजला जरा हात लावून बघायचाय."